लिथुएनियातल्या लग्नात टोस्ट करायचाय, काय म्हणायचं आणि कसं?

कराडची_ताई:
नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ काउनासला शिकायला गेला तो तिथलाच झाला, आता ऑगस्टमध्ये तिथल्याच मुलीशी लग्न करतोय. लग्न बिर्झाईजवळ तिच्या आजोळी, शेतावरच आहे. आम्ही घरचे पाचजण जातोय. परवा होणारी भावजय व्हिडिओ कॉलवर म्हणाली की जेवणाच्या वेळी मुलाकडच्यांनीही टोस्ट करायचा असतो, म्हणजे उभं राहून, ग्लास उंचावून शुभेच्छांचे दोन शब्द बोलायचे असतात, ताई तुम्हीच बोला, आणि एक वाक्य जरी लिथुएनियनमधून आलं तरी आमच्या आजीला फार फार बरं वाटेल. तेव्हापासून तयारीला लागलेय. मी "ना झ्दारोव्ये" पाठ केलंय, ते चालेल ना? आणि दुसरी काळजी बाबांची. बाबा माळकरी, इतकी वर्षं वारी चुकवली नाही, दारूच्या ग्लासला ते हातसुद्धा लावणार नाहीत. तिथे टोस्टला नाही म्हणणं म्हणजे अपमान समजतात का? प्लीज कुणी तिथे राहणारं असेल तर नीट सांगा, मला हे मनापासून बरोबर करायचंय.

विल्नियसवासी:
ताई, सगळ्यात आधी "ना झ्दारोव्ये" डोक्यातून काढून टाका. ते रशियन आहे. १९४० ला सोव्हिएत सैन्य या देशात शिरलं, ११ मार्च १९९० ला यांनी स्वातंत्र्य परत जाहीर केलं आणि १३ जानेवारी १९९१ ला इथे टीव्ही टॉवरपाशी नि:शस्त्र माणसं मारली गेली. तुमच्या भावजयीच्या आजीने यातलं बरंच बघितलेलं असणार. तिच्या अंगणात तिच्या नातीच्या लग्नात ते शब्द नकोत.

इथला शब्द आहे "ई स्वेइकाता". अर्थ सरळ, आरोग्यासाठी. जोर "का" वर, आणि तो "का" चांगला लांबवायचा. लिहिताना पहिल्या आणि शेवटच्या अक्षराला खाली एक शेपटी असते, तिला हे लोक नाकातलं अक्षर म्हणतात, पण नाकातून काहीच म्हणायचं नाही, फक्त स्वर दीर्घ. आपल्या जुन्या पुस्तकांत नांव, कांहीं असे अनुस्वार छापलेले असायचे आणि आपण ते उच्चारत नव्हतो, तसंच हे, एके काळी खरंच नाकातून होतं, आता खूण तेवढी राहिली. हेच "ई स्वेइकाता" कुणी शिंकलं तरी म्हणतात आणि जेवणानंतर तुम्ही "आच्यू" म्हणजे थँक्यू म्हणालात तरी उत्तर हेच येतं, त्यामुळे हे एक वाक्य दिवसभर कामाला येईल.

आता रीत. पहिला टोस्ट होईपर्यंत ग्लासला तोंड लावायचं नाही, सगळे थांबतात. आपला ग्लास आपण भरायचा नाही, यजमान भरतो. आणि ग्लास भिडवताना समोरच्याच्या डोळ्यात बघायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याला मोठ्यांसमोर नजर खाली ठेवायची सवय असते, मी पहिल्या वर्षी ग्लासकडेच बघत राहायचो तर एका सहकाऱ्याने बाजूला घेऊन हळूच सांगितलं की बाबा रे, तू माझ्याशी नाही, ग्लासशी बोलतोयस. तेव्हापासून बघतो.

अजून एक. यांच्यातही अहो-जाहो आणि अरे-तुरे आहे, "यूस" म्हणजे तुम्ही, "तू" म्हणजे अगदी आपलंच तू. कुणी म्हणालं ब्रुदरशाफ्त घेऊ या, तर हातात हात अडकवून दोघं पितात आणि तिथून पुढे एकमेकांना तू म्हणतात. व्याही मंडळींकडून असं आमंत्रण आलं तर तो मोठा मान आहे. आणि तिकडे पोचल्यावर काही आणायचं राहिलं असेल तर आधीच आणा, २०१८ पासून दुकानात दारू सोमवार ते शनिवार रात्री ८ पर्यंतच मिळते, रविवारी दुपारी ३ ला बंद.

शब्दवेडा:
मी लिथुएनियाला गेलेलो नाही पण ही भाषा गेली काही वर्षं घरी बसून शिकतोय, कारण संस्कृत वाचणाऱ्या माणसाला ती सोडवतच नाही. देव म्हणजे "दिएवास", मुलगा "सूनुस", विस्तव "उग्निस", दात "दांतिस". टोस्टमध्येही हेच. एका माणसाला उद्देशून म्हणतात "बूक स्वेइकास", बाईला "बूक स्वेइका", अनेकांना किंवा तुम्ही म्हणताना "बूकिते स्वेइकी". यातलं बूक म्हणजे आपल्या भू धातूचं आज्ञार्थ, भव! सुखी भव म्हणतो तसं निरोगी भव. म्हणजे हा टोस्ट नाहीच, आशीर्वाद आहे ताई, तुम्हाला जड जायचं कारण नाही.

लग्नात अजून एक गंमत होईल तेव्हा दचकू नका. अचानक सगळी टेबलं ओरडायला लागतील "कार्तू! कार्तू!" म्हणजे कडू, कडू. दारू कडू लागतेय, गोड करा, असं म्हणून नवरानवरीला एकमेकांचं चुंबन घ्यायला लावतात. हे कार्तुस आणि संस्कृत कटु एकाच मुळाचे मानतात, आणि कटुचंच आपलं कडू. म्हणजे तिथे कुणी कार्तू म्हणालं की तुम्ही कडू म्हणून ओरडलात तरी मुळात एकच शब्द. आणि मधाची दारू असते तिचं नाव "मिदुस", मध "मेदुस", हे तर समजावून सांगायलाच नको.

बिर्झाईची_सून:
ताई, तुमचं लग्न आमच्याच भागात! मी आठ वर्षं इथे आहे. बिर्झाई म्हणजे बिअरचं गाव, शेतकऱ्यांच्या घरी बनलेली बिअर, गढूळ, ब्रेडच्या वासाची. बरोबर राईचा (मोहरी नव्हे, राय नावाचं धान्य) काळा ब्रेड काड्या करून तळतात आणि वर लसूण चोळतात.

मी नवीन आले तेव्हा सासऱ्यांच्या काकांकडे गेलो होतो. टेबलावर एकच मोठा मग. काकांनी आधी दाराशी जाऊन थेंबभर बिअर मातीवर सांडली, मग मग उचलला, शेजारच्याकडे बघून म्हणाले "बूक स्वेइकास, पेत्राय", शेजारी म्हणाला "गेर्क स्वेइकास" म्हणजे सुखाने पी, मग काका प्यायले आणि भरून मग त्या शेजाऱ्याच्या हातात. त्याने पुढच्याचं नाव घेतलं. असा तो मग फिरत फिरत माझ्यापर्यंत आला आणि पहिल्यांदा त्या घरात माझं नाव कुणीतरी मोठ्याने घेतलं. मातीवर का सांडलं विचारलं तर म्हणाले आधी तिचं. झेमिना म्हणजे भूमाता, १७ व्या शतकात प्रशियातल्या लिथुएनियन लोकांत राहून प्रेटोरियस नावाच्या पाद्र्याने हीच रीत लिहून ठेवलीये. मला आमच्या आजोबांची चित्राहुती आठवली, ताटाभोवती पाणी फिरवून शितं ठेवायचे ती. आता सगळे असं करत नाहीत, एकाच मगातून पिणंही गेलं, पण म्हातारी माणसं करतात.

त्यात "पेत्राय" लक्षात घ्या. नाव पेत्रास, हाक मारताना पेत्राय. योनासचं योनाय. आपली संबोधन विभक्तीच ही. टोस्टमध्ये नाव हाकेच्या रूपात आलं की माणूस खुलतो. आजीला "मोच्युते" म्हणा, शेवटचा ए आखूड.

आता बाबांचं. अजिबात काळजी करू नका. नाही म्हणणं अपमान नाही, रिकाम्या हाताने बसून राहणं मात्र लोकांना खटकतं. ग्लास हवा, त्यात काय आहे ते कुणी विचारत नाही. आणि न पिणं इथे परकं नाही. बिशप वालान्च्युस यांनी १८५८ पासून दारूबंदीची चळवळ उभी केली, गावंच्या गावं शपथ घेऊन सोडायला लागली, इतकी की तेव्हा इथे राज्य करणाऱ्या रशियन सरकारने १८६४ ला त्या चळवळीवरच बंदी घातली. आजही नाताळच्या आदल्या रात्री १२ पदार्थांचं जेवण असतं त्यात मांस नाही आणि जुन्या घरांत दारूही नाही.

फक्त एक जपा. लोक प्रेमाने बाबांना "गिरा" देतील, राईच्या ब्रेडची सरबतासारखी असते, बिनदारूची म्हणूनच देतात, पण ती यीस्टने आंबवलेली असते, त्यात किंचित का होईना अल्कोहोल येतं. माळकरी माणसाला ते चालणार नाही. भावजयीला आधीच सांगून "कोम्पोतास" ठेवायला लावा, बेरी आणि फळं पाण्यात उकळून केलेलं, ऑगस्टमध्ये घरोघरी असतं, गडद लाल, ग्लासात वाईनच वाटते.

आणि चुकून कधी मयताच्या जेवणाला गेलात तर ग्लास भिडवायचे नाहीत. गप्प उचलायचा, प्यायचा, ठेवायचा.

तुमचं वाक्य हे घ्या: "मिएली याउनिएयी, बूकिते स्वेइकी इर लाइमिंगी!" प्रिय नवदांपत्या, निरोगी आणि सुखी राहा. मग ग्लास वर, ई स्वेइकाता.

शब्दवेडा:
याउनिएयी मधलं याउनास म्हणजे युवन् बरं का, तरुण. राहवलं नाही म्हणून लिहिलं.

कराडची_ताई:
सगळ्यांचे किती आभार मानू. पाठ करतेय, भावाला रोज व्हॉइस मेसेज पाठवतेय, तो म्हणतो "का" अजून लांबव.

कराडची_ताई (लग्नानंतर):
परत आलो, सांगितल्याशिवाय राहवत नाही. वाक्य नीट आलं, "याउनिएयी" ला जरा अडखळले तर समोरच्या दोनतीन टेबलांनी मिळून ते माझ्याबरोबर म्हटलं. कार्तू कार्तू तर दहा वेळा झालं, माझी मुलं कडू कडू ओरडत होती आणि कुणाला फरक कळला नाही. पण खरं सांगायचंय ते बाबांचं. मी त्यांना काहीच शिकवलं नव्हतं, त्यांनी म्हणे विमानात माझ्या वहीतून टिपून घेतलं होतं. जेवण संपत आलं तेव्हा ते कोम्पोतासचा ग्लास घेऊन उठले, टोपी नीट केली, आजींच्या खुर्चीपाशी गेले, त्यांच्या डोळ्यात बघितलं आणि म्हणाले, "बूक स्वेइका, मोच्युते." आजी ८० च्या पुढच्या, त्यांनी खुर्चीचा हात धरून उठायला वेळ घेतला, सगळं टेबल थांबलं होतं. उभ्या राहिल्या, बाबांच्या ग्लासला आपला ग्लास लावला आणि म्हणाल्या, "गेर्क स्वेइकास."