२९ मार्क गेले कुठे? (सोसायटीच्या ग्रुपवरून)

बी-४०३ : ए-२०१ मॅडम, थोडा वेळ आहे का? चिरंजीवांची बारावीची प्रिलिम झाली. केमिस्ट्रीत ७० पैकी ४१. वर म्हणतो, "आई, सगळं येत होतं." सगळं येत होतं तर ४१ कसे? क्लासच्या सरांना फोन केला तर म्हणाले, टेस्ट सिरीज लावा.

सी-१०२ काका : वहिनी, कॉलेज रोडला एक क्रॅश कोर्स आहे. माझ्या साडूच्या मुलीने केला होता. रोज एक पेपर लिहून घेतात. सरावाला पर्याय नाही.

ए-२०१ मॅडम : क्रॅश कोर्सचं नंतर बघू. तपासलेला पेपर घरी दिलाय ना? सगळ्या पानांचे फोटो टाका. उजेडात काढा, लाल पेन नीट दिसलं पाहिजे.

सेक्रेटरी : उद्या सकाळी १० ते १ टाकी धुणार आहेत. सर्वांनी पाणी भरून ठेवावे 🙏

बी-४०३ : टाकलेत मॅडम. पहिल्याच पानावर भला मोठा भोपळा आहे, तो बघूनच माझं डोकं फिरलं.

ए-२०१ मॅडम : भोपळा अगदी बरोबर दिलाय. पहिल्या प्रश्नात पर्याय निवडायचे १० उपप्रश्न, प्रत्येकी १ मार्क. तुमचं बाळ नुसतं ए, सी, बी लिहून मोकळं झालंय. बोर्डाच्या पेपरवर सूचना छापलेली असते की पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं. नुसतं एक लिहिलं तर मार्क नाही. शिवाय पहिला प्रयत्न तेवढाच तपासतात. यातली ७ अक्षरं बरोबर आहेत, म्हणजे ७ मार्क इथेच गेले. ज्यांनी हा पेपर तपासला त्यांचे आभार माना. दयामाया दाखवून ७ दिले असते तर हा मुलगा बोर्डात तेच करून आला असता.

डी-३०३ दादा : मॅडम, हे इतकं काटेकोर खरंच बघतात? आमच्या कॉलेजात तर प्रिलिमला असंच चालवून घ्यायचे.

ए-२०१ मॅडम : म्हणून तर पोरं गाफील राहतात. मी बरीच वर्षं बोर्डाचे पेपर तपासलेत. परीक्षकापुढे उत्तरांचा आराखडा असतो, त्याबाहेर हात सैल सोडता येत नाही.

सी-१०२ काका : पण मॅडम, आता सगळं सीईटीवर आहे. बोर्डाला कोण विचारतंय?

ए-२०१ मॅडम : इंजिनिअरिंगला खुल्या गटात बारावीला ४५ टक्के लागतात, एनआयटीला जायचं तर ७५. आणि सीईटीतही केमिस्ट्रीचे ५० प्रश्न आहेतच की. तिथे निगेटिव्ह मार्किंग नाही, पण चुकीच्या एककाने जे उत्तर येतं ते नेमकं चार पर्यायांत बसलेलं असतं. मुलगा खुशीत टिक करून पुढे जातो.

आता पान ७ बघा, थर्मोचं गणित. डेल्टा एच वजा ६० किलोज्यूल, डेल्टा एस वजा १५० ज्यूल प्रति केल्विन, तापमान ३०० केल्विन. डेल्टा जी काढा आणि रिअ‍ॅक्शन स्पॉन्टेनियस, म्हणजे आपोआप होणारी, आहे का सांगा. डेल्टा जी ऋण आला तर स्पॉन्टेनियस. सूत्र बरोबर लिहिलंय. पण किलोज्यूलमध्ये ज्यूल तसेच मिसळले. वजा ६० अधिक ४५,०००, उत्तर ४४,९४०, आणि खाली ठणकावून "नॉन-स्पॉन्टेनियस". दीडशेला हजाराने भागलं असतं तर वजा ६० अधिक ४५, म्हणजे वजा १५ किलोज्यूल. रिअ‍ॅक्शन स्पॉन्टेनियस. एका एककापायी निष्कर्षच उलटा झाला!

बी-५०१ : अंबडला आमच्या कंपनीत ड्रॉइंगवर एकक नसेल तर ड्रॉइंग परत पाठवतात 😄

ए-२०१ मॅडम : तुमच्याकडची शिस्त इकडे पाठवा थोडी. पुढचं पान. पीएच ३.१२, हायड्रोजन आयनची संहती काढा. कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. याने वजा ३.१२ चा सरळ बार ३.१२ केला आणि अँटिलॉग काढून १.३१८ गुणिले १० चा वजा ३ घात लिहिला. वजा ३.१२ म्हणजे बार ४.८८, बार म्हणजे फक्त पूर्णांक ऋण. अँटिलॉग ७.५८६, घात वजा ४. दशांशाचा भाग धन करून घ्यायचा हे अकरावीतच शिकवलेलं असतं, पण वर्षभर मोबाइलवर गणितं केली की हात विसरतो.

बी-४०३ : मोबाइलवरच करतो! मी सांगून थकले.

ए-२०१ मॅडम : आजपासून अभ्यासाच्या टेबलावर फक्त लॉग टेबल. मोबाइल तुमच्या ताब्यात.

ऑरगॅनिकमध्ये वेगळीच तऱ्हा. स्टीफन रिअ‍ॅक्शन एका बाणात उरकली. नायट्राइल, बाण, अल्डिहाइड. बाणावर स्टॅनस क्लोराइड आणि एचसीएल आहे, पण मधलं इमाइन हायड्रोक्लोराइड नाही, नंतरचं पाण्याने तोडणंही नाही. परीक्षकाने तिथे लाल गोल केलाय, तो बघा. आणि बेंझीनच्या जागी दोन ठिकाणी नुसता षटकोन. आत दुहेरी बंधही नाहीत, गोलही नाही. म्हणजे तो सायक्लोहेक्झेन झाला. हे घाईत होतं हे मला कळतं, पण पेपर तपासणाऱ्याला कागदावर काय आहे तेच दिसतं.

डी-३०३ दादा : माझ्याकडे माझ्या बारावीच्या उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी आहे. निकालानंतर बोर्डाकडून मागवली होती, पुनर्मूल्यांकनाआधी ती घ्यावीच लागते. त्यात प्रत्येक स्टेपपुढे अर्धा, अर्धा असं लिहिलेलं दिसतं. हवी तर देतो.

ए-२०१ मॅडम : सोनं आहे रे ते! नाव आणि बैठक क्रमांक झाकून दे.

बी-४०३ : मॅडम, "कारण द्या" वाल्या प्रश्नात याचे बरेच गेलेत. तो म्हणतो उत्तर बरोबर आहे.

ए-२०१ मॅडम : अर्धवट बरोबर आहे. प्रश्न आहे की फिनॉल अल्कोहोलपेक्षा जास्त आम्लधर्मी का. याने लिहिलंय, "रेझोनन्समुळे." कोणाचा रेझोनन्स? हायड्रोजन गेल्यावर उरलेल्या फिनॉक्साइड आयनचा. त्याचा ऋण भार रिंगमध्ये पसरतो म्हणून तो स्थिर होतो, अल्कॉक्साइडला ती सोय नाही. हे दुसरं वाक्य लिहिल्याशिवाय तुलना पुरी होत नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलं इथे इंग्रजीला घाबरून एका शब्दात आटपतात. त्यांना मी सांगते, छोटी वाक्यं लिहा, व्याकरणाचे मार्क कोणी कापत नाही.

सी-१०२ काका : मग हे परीक्षकांचं म्हणणं सगळ्या मुलांना आधीच का सांगत नाहीत?

ए-२०१ मॅडम : काही बोर्डं सांगतात की. आयएससीवाले, म्हणजे आयसीएसईचंच बोर्ड सीआयएससीई, "अ‍ॅनालिसिस ऑफ प्युपिल परफॉर्मन्स" नावाचा दस्तऐवज काढतात. प्रश्नागणिक परीक्षकांचे शेरे असतात, मुलं कुठे घसरली ते. केंब्रिजच्या ए-लेव्हल केमिस्ट्रीचे, कोड ९७०१, परीक्षकांचे अहवालही असतात. अभ्यासक्रम वेगळा, पेपरची धाटणी वेगळी, त्यामुळे तिथले प्रश्न घोकत बसू नका. फक्त शेरे वाचा. एकक नाही, समीकरण संतुलित नाही, अभिक्रियेच्या अटी नाहीत, प्रश्न कारण विचारतो आणि मूल व्याख्या देतं. नाशिकचं मूल काय नि परदेशातलं काय, घसरायच्या जागा त्याच.

बी-५०१ : म्हणजे आमच्याकडे रिजेक्शनची कारणं फळ्यावर लावतात तसं.

बी-४०३ : मॅडम, मग एकूण हिशेब काय निघाला?

ए-२०१ मॅडम : लिहूनच ठेवा. गेले २९. त्यातले ७ पर्यायांची नुसती अक्षरं लिहिल्याने. ६ एकक, चिन्ह आणि लॉग. ५ ऑरगॅनिकच्या अटी आणि रचना. ४ "कारण द्या"सारखे प्रश्न नीट न वाचल्याने. हे झाले २२. खरोखर माहीत नव्हतं असे ७. त्यातले ३ पर्यायातले, ४ सॉलिड स्टेटच्या एका प्रश्नाचे.

आणि हे शेवटचे ४ही टळले असते. डी विभागात पाचातले तीन सोडवायचे असतात. याने ओळीने पहिले तीन घेतले, त्यातच सॉलिड स्टेट आला. चौथा प्रश्न इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचा, तो याला येतो असं बाकीच्या पेपरवरून दिसतंय. बी आणि सी विभागातही बारातले आठ निवडायचे, तिथेही हेच. आधी वाचा, खूण करा, मग लिहायला घ्या. तीन तास पुरतात.

सी-१०२ काका : मग क्रॅश कोर्स नको म्हणता?

ए-२०१ मॅडम : नवीन दहा पेपर सोडवून ह्याच चुका दहा वेळा पक्क्या होतील. आधी हा एकच पेपर पुन्हा लिहायला लावा, फक्त मार्क गेलेले प्रश्न, चुकीचं कारण समासात टिपून. मग पुढचा पेपर. कोर्स लावायचा तर तिथे तपासून लेखी शेरा देतात का ते विचारा. नुसती टोटल देत असतील तर पैसे वाचवा. प्रॅक्टिकलचे ३० वेगळे, त्याचं जर्नल पुरं आहे ना तेवढं बघा.

बी-५०१ : आमची मुलगीही बारावीला आहे. मॅडम, शनिवारी क्लब हाऊसमध्ये सगळ्या मुलांना एकत्र बसवाल का?

ए-२०१ मॅडम : बसवीन. प्रत्येकाने तपासलेला पेपर, लॉग टेबल आणि लाल सोडून दुसऱ्या रंगाचं पेन आणायचं. एकमेकांचे पेपर तपासायचे. दुसऱ्याचं उत्तर तपासताना चूक लगेच दिसते.

सेक्रेटरी : शनिवारी क्लब हाऊस हळदीकुंकवासाठी बुक आहे.

ए-२०१ मॅडम : मग गच्चीवर, सकाळी ९ वाजता. थंडी आहे, ऊन बरं वाटेल.

बी-४०३ : आम्ही पण येऊ का मॅडम? ऐकून ठेवतो.

ए-२०१ मॅडम : नको. आयांनी खाली हळदीकुंकवाच्या तयारीला लागावं. तिळगूळ मात्र वर पाठवा.