हॉकीवाला खासदार कोण?

खडकीकर: आमच्या कट्ट्यावर वाद पेटलाय. १९७५ च्या वर्ल्डकपात ऐनवेळी उतरून गोल मारणारा पुढे खासदार झाला म्हणे. खरं का?

पेठेतला_बाळ्या: अस्लम शेर खान, भोपाळचा. गूगल कर की रे!

जुना_लेफ्टइन: बाळ्या, गूगलला काय कळतंय! क्वालालंपूर, मलेशियाविरुद्ध सेमीफायनल. आपण १-२ ने मागे, वेळ संपत आलेली. बाकावरून उठवलेल्या अस्लमने गळ्यातला ताईत ओठांना लावला आणि पेनल्टी कॉर्नरवर गोल ठोकला. मग हरचरणसिंगचा गोल, ३-२. फायनलला पाकिस्तानला २-१ ने हरवलं. अस्लमचे वडील अहमद शेर खान १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या सुवर्णसंघातले, म्हणजे स्टिक घरचीच. १९८४ ला अस्लम काँग्रेसतर्फे बैतूलहून लोकसभेत. खासदारकी ठीकच हो, पण तो कॉर्नर!

खडकीकर: धन्यवाद काका. असे अजून कोणी?

जुना_लेफ्टइन: परगटसिंग पंजाबात आमदार, २०२१-२२ मध्ये मंत्रीही होता. दिलीप तिर्की २०१२ ते २०१८ राज्यसभेत होता. पण सगळ्यांच्या आधी जयपालसिंग मुंडा! १९२८ ला अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकला कप्तान, नंतर संविधान सभेत आदिवासींची बाजू खणखणीत मांडली. माझ्या लेखी पहिला नंबर त्यांचाच.

पेठेतला_बाळ्या: हे मात्र माहीत नव्हतं.