बाळ-बाळंतीण माहेराहून परत येताहेत. घडी कशी बसवावी?

कोथरूडकर:
बाळ तीन महिन्यांचं झालंय, अंगावरच पितं. बायको येत्या रविवारी माहेराहून पुण्याला येतेय. तिची रजा बाकी आहे, मला नऊला ऑफिस गाठायचं असतं. माझी आई महिनाभर सोबतीला असेल. सध्या फोनवरचं आमचं बोलणं डायपर आणि डोस यांच्यापलीकडे जात नाही. आल्या आल्या चिडचिड होऊ नये म्हणून आधीच काय ठरवून ठेवावं?

निशिगंध:
आधी रात्र ठरवा. झोप पुरली नाही की साधं बोलणंही टोचतं. साडेनऊला पाजून तिला दुसऱ्या खोलीत झोपू द्या, दोनपर्यंत बाळ तुमच्याकडे. मग तुम्ही सातपर्यंत झोपा. खोली वेगळीच हवी, कारण शेजारी बाळ नुसतं कुरकुरलं तरी आई जागी होते.

मधल्या एका वेळेला काढून ठेवलेलं दूध लागेल, साधारण ९० ते १२० मिली. सकाळी पहिल्यांदा पाजून झालं की पंपाने काढावं, तेव्हा दूध जास्त असतं. सुरुवातीला ३०-४० मिलीच निघेल, म्हणून दोन-तीन वेळचं साठवा. ताजं दूध गार करून मगच आधीच्यात मिसळायचं. फ्रिजमध्ये आतल्या बाजूला चार दिवस टिकतं, दारात ठेवू नका. गरम पाण्याच्या पातेल्यात बाटली धरून कोमट करा. मायक्रोवेव्ह नको, दूध मध्येच कुठेतरी चटका बसेल इतकं तापतं. पाजायला वाटी-चमचा किंवा बोंडलं चालतं. तिची छाती भरून दगडासारखी होत असेल तर दोनची वाट न बघता उठवा. दूध साचून राहिलं की गाठी होतात, ताप येतो.

आणि १४ आठवड्यांची लस तोंडावर आली आहे. त्या रात्री ताप, रडणं होऊ शकतं. कोण जागणार हे आदल्या दिवशीच ठरू द्या. तापाच्या औषधाचा डोस वजनावर असतो, तो डॉक्टरांकडून लिहून आणा.

सायली_ठाणे:
‘मदत करतो’ म्हणू नका, अख्खं काम अंगावर घ्या. आंघोळ तुमची म्हणजे पाणी, पंचा, कपडे, नंतर टब वाळत टाकणं, सगळं तुमचं. डायपर संपत आलेत हे लक्षात ठेवणंही त्या कामातच येतं. रात्री बाराला ‘दुपटी कुठेत?’ विचारायला तिला उठवलंत तर तिची झोप मोडलीच.

बोलायला संध्याकाळची पंधरा मिनिटं राखा. आई बाळाला खाली फिरवून आणतील तेव्हा. ‘तू कधीच करत नाहीस’ यावर काहीच करता येत नाही, ‘उद्या सात ते आठ बाळ तुझ्याकडे’ यावर येतं. रात्री दोनला कसलाच हिशेब काढायचा नाही.

कोथरूडकर:
धन्यवाद. आईचा गुटी आणि धुरीचा आग्रह आहे. तिला कोणी सांगावं?

सायली_ठाणे:
तुम्हीच, आणि बायको येण्याआधी. सुनेने सांगितलं की तो शब्दाला शब्द होतो. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. धुराने बाळाच्या श्वासाला त्रास होतो. मालिश, अंगाई, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू आईंकडे मनापासून सोपवा. ‘दूध पुरत नाही’ असं कोणी म्हणालं तर दिवसाला सहा-आठ वेळा शू होतेय आणि वजन वाढतंय, एवढं दाखवा.

परिचारिका_ना:
जवळिकीबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून लिहिते. अंगावर पाजत असताना इस्ट्रोजेन कमी असतं, त्यामुळे कोरडेपणा येतो, दुखतं, इच्छा होत नाही. तो नकार तुम्हाला नसतो. पाण्याचा आधार असलेलं जेल वापरा. खोबरेल तेलाने निरोध फाटू शकतो.

पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, असं धरून चालू नका. अंगावर पाजल्याने दिवस राहत नाहीत हा आधार पाळी सुरू झालेली नाही, बाळ सहा महिन्यांच्या आतलं, फक्त अंगावर, दिवसा चार आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त खंड नाही, एवढं सगळं जुळलं तरच. वर सांगितलेल्या रात्रीच्या वेळापत्रकात एक पाजणं कमी होतंय, तेव्हा निरोध किंवा तांबी ठरवा. ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं, दर तीन महिन्यांनी.

बाळ झोपलेलं असतानाही तिला झोप येत नाही, सारखं रडू येतंय, बाळाकडे बघवत नाही, असं दोन आठवड्यांच्या वर चाललं तर डॉक्टरांना दाखवा. हे बापालाही होतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर तिला एकटं न ठेवता त्याच दिवशी दवाखाना गाठा.