वरच्या पापणीची सर्जरी: आईसाठी विचारतोय

प्रश्न: वय ६२. वरच्या पापण्यांची कातडी लोंबून केसांवर टेकते. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. डॉक्टरांना काय विचारावं? बरं व्हायला किती दिवस?

उत्तर १: आधी कातडी सैल आहे की पापणी उचलणारा स्नायूच ढिला, ते ऑक्युलोप्लास्टिक सर्जनकडून (पापण्या आणि डोळ्याभोवतीच्या भागाची सर्जरी करणारे डॉक्टर) तपासून घ्या. स्नायू ढिला असेल तर नुसती कातडी काढून डोळा उघडत नाही. अश्रूंची चाचणीही करून घ्या. कोरडे डोळे नंतर जास्त सतावतात. भुवईपासून पापणीच्या कडेपर्यंत साधारण २० मिमी कातडी उरायलाच हवी. हावरेपणाने जास्त कापली की डोळा नीट मिटत नाही.

उत्तर २: गोळी परस्पर बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना विचारूनच. पहिले दोन दिवस जागेपणी तासातून १०-१५ मिनिटं स्वच्छ कपड्यातून बर्फ. डोक्याखाली दोन उशा, वाकणं-उचलणं बंद. टाके ५-७ दिवसांत निघतात, काळंनिळं दोनेक आठवड्यांत ओसरतं. घरात लग्नकार्य असेल तर महिनाभर आधी उरका.

उत्तर ३: सर्जरीनंतर एका डोळ्यात तीव्र कळ, डोळा बाहेर आल्यासारखा, अंधुक दिसणं... सकाळची वाट बघू नका! आत रक्त साठून दृष्टीच्या नसेवर दाब येतो, टाके ताबडतोब सोडावे लागतात. रात्री लागणारा फोन नंबर घेऊनच घरी या.