मे महिन्यात ज्वालामुखीचं बेट: डुंबायला की चालायला?

गुहागरकर: आम्ही चौघं, दहा दिवसांची सहल, आई सत्तरीची, लेक दहा वर्षांची. मॉरिशस की शेजारचं रीयुनियन, इथे घोडं अडलंय. दोन्ही ज्वालामुखीतून वर आलेली. मला विचाराल तर रीयुनियनच. परसातून उतरलं की समुद्राची पुळण लागते अशा माणसाने पुळण बघायला विमानाचं तिकीट कशाला काढावं? तिथला पितों द ला फुर्नेझ हा 2632 मीटरचा डोंगर आजही लाव्हा ओकतो. शांत असेल तेव्हा विवराच्या काठापर्यंत चालत जाता येतं. माफातच्या दरीत गाडीरस्ताच नाही, वस्तीवरचं सामानसुमान हेलिकॉप्टरने उतरतं. चालण्यासाठी याहून मोठं काय हवं?

माडाखालची: अजिबात पटलं नाही. परसात समुद्र आहे, पण मे संपत आला की त्यात लेकीला सोडता का तुम्ही? मी तरी सोडत नाही, पाण्याला ओढ असते. मॉरिशसला जवळजवळ सगळ्या बेटाभोवती प्रवाळाचा बांध आहे. लाट बाहेरच फुटते, आत पाणी निवांत. ते सुख आपल्या किनाऱ्याला नाही. रीयुनियनला शार्कच्या हल्ल्यांमुळे 2013 पासून ठरावीक जागा सोडून समुद्रात उतरायला बंदी आहे. आणि आई विवराच्या काठापर्यंत कशी यायची? मॉरिशसला कोकणातून गेलेल्यांचे वंशज आहेत, गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते. आईंना तिथे परकं वाटणार नाही.

सड्यावरचा: मी म्हणतो आधी घरचं बघा. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेत लाटांनी कोरलेला कातळ किती जणांनी थांबून पाहिलाय? देवाचे गोठणे, कशेळीची कातळशिल्पं? तीही जांभ्यावरच, आणि जांभा म्हणजे लाव्हाचाच खडक झिजून झालेला. मेमध्ये सडा, म्हणजे हे कातळाचं उघडं पठार, तापतो हे कबूल, दिवाळीनंतर चला.

गुहागरकर: तुम्ही माझंच म्हणणं बळकट केलंत! हा आपला काळा कातळ साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेवरून तेव्हा आपला भूभाग सरकत होता, तीच आज रीयुनियनखाली आहे, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे सह्याद्री जिथे शिजला ती चूल अजून पेटलेली आहे. लेकीला ती दाखवायची आहे मला, पुस्तकात नव्हे.

माडाखालची: हे मला ठाऊक नव्हतं. चूल दाखवायलाच हवी. पण दहाच्या दहा दिवस तिथे काढू नका. विमानाने पाऊण तासाचं अंतर आहे. आईंना आणि घरच्यांना मॉरिशसला पाण्याकाठी ठेवा, तुम्ही दोघं तीन दिवस जाऊन या. मॉरिशसलाही चालणं आहे बरं. ल मोर्नचा 556 मीटरचा कडा, पळालेले गुलाम जिथे लपून राहायचे, पहाटे चढायला घ्या.

गुहागरकर: आईला विचारलं. ती म्हणते, विवर मलाही बघायचंय, गाडी जाईल तिथवर न्या. आता तिथवरचा रस्ता शोधतोय.