मदत हवी आहे : शाहूपुरीतलं पूर लागलेलं घर विकायचंय, गिऱ्हाईक यायच्या आधी काय करावं?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या अलीकडे आमचं घर आहे. वडिलांनी ऐंशीच्या दशकात बांधलेलं, खाली तीन खोल्या, वर दोन, मागं परडं. वडील गेल्यापासून आई तिथं एकटीच असते. गुडघ्यांमुळं तिला जिना होत नाही, म्हणून तिला आमच्याकडं आणायचं आणि घर विकायचं असं आम्हा भावंडांचं ठरलंय. आईचीही तयारी आहे.

अडचण पुराची. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा खालच्या खोल्यांत पाणी होतं. तेव्हापासून भिंती खालून ओल धरतात, पावसाळ्यात पोपडे सुटतात, पांढरा क्षार फुलतो. पुढच्या दाराची चौकट फुगलीय. वरचा मजला मात्र ठणठणीत आहे, उजेड भरपूर, विहिरीला बारमाही पाणी.

एका एजंटांचं म्हणणं, "पुट्टी मारा, गडद ऑइलपेंट लावा, खाली तीन फूट टाइल्स चिकटवा, दसऱ्याला घर जाईल." मला हे अजिबात पटत नाही. कुणीतरी आयुष्याची पुंजी घालून घर घेणार आणि पुढच्या जुलैत त्याच भिंती फुगणार. घर नीटनेटकं करून दाखवायचंय, पण काही झाकायचं नाही. मग खर्च नेमका कशावर करावा? सामान ठेवावं की हलवावं? आणि पुराचं आपणहून सांगावं का, सांगायचं तर कधी? गच्चीवर नंतर टाकलेली पत्र्याची खोली आहे, तिचंही काय करावं कळत नाही.

गवंडीकट्टा :
ताई, रंगाचा विचार शेवटी. आधी भिंतीवर टकटक करत फिरा. गिलावा जिथं पोकळ वाजतो तिथून ओलीच्या खुणेच्या वर फूटभर जाऊन सगळा पाडा. विटांचे सांधे कोरून क्षार कोरड्या ब्रशनं झाडा, पाण्यानं धुऊ नका, तो परत विटेत मुरतो. मग भिंत उघडीच वाळू द्या. लोक घाई करतात ती इथंच. दिवाळीनंतरचं कोरडं हवामान त्यासाठी चांगलं. पुरती वाळल्यावर वॉटरप्रूफिंग मिसळून नवा गिलावा, तो सुकला की पुट्टी आणि रंग. ओल्या भिंतीला ऑइलपेंट लावला तर आतली वाफ कोंडते आणि फुगे येतात. टाइल्स लावल्या की ओल त्यांच्या वर चढून दिसते. त्यामुळं दसरा सोडा, गुढीपाडवा धरा.

दुसरं, रंगापेक्षा जास्त भाव खाणारं काम सांगतो. खालचे स्विचबोर्ड, मोटारीचा स्टार्टर, इन्व्हर्टर सगळं पूर आला होता त्या खुणेच्या वर घ्या. पूरभागात घर बघणारा माणूस हे आधी बघतो. चौकट वाळवीसाठी टोचून बघा, पोकळ लागली तर बदला, नुसती रंगवू नका.

पंचगंगाकाठ :
पुराचं सांगाच, आणि पहिल्या भेटीतच. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या चौकशीत न कळणारा मोठा दोष सांगणं बंधनकारक आहे. कोल्हापूरकराला शाहूपुरीचा पूर सांगावा लागत नाही, पण बाहेरगावचं गिऱ्हाईक असेल तर लागतो. नुसतं "पाणी येतं" म्हणू नका, माणूस घाबरतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी असते. तिथं किती फूट झाले की तुमच्या उंबऱ्याला पाणी लागतं, हे आईंना किंवा शेजाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. ज्याला हा आकडा कळतो त्याला सामान कधी वर न्यायचं तेही कळतं.

कागद आत्ताच काढा. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) वारसनोंद झालीय का बघा, वडिलांच्याच नावावर असेल तर सगळं तिथं अडतं. घरफाळा आणि पाणीपट्टीच्या चालू वर्षाच्या पावत्या, मंजूर नकाशा एका फाइलीत लावा. पत्र्याची खोली नकाशात नसेल तर कर्ज काढणाऱ्या गिऱ्हाइकाला बँकेच्या मूल्यांकनात अडचण येते. माझं मत, उतरवा. मोकळी गच्ची जास्त आवडते लोकांना.

सोप्यातली :
सामान सगळं हलवू नका गं. रिकामं घर ओकंबोकं वाटतं आणि प्रत्येक डाग डोळ्यात भरतो. माळ्यावरचं, जिन्याखालचं, जुने पेपर आणि डबे मात्र काढा. देवघर आहे तसं ठेव, लख्ख करून. ठिबकणारे नळ, घासणारी दारं, गेलेले बल्ब यांना खर्च थोडा येतो आणि घर निगुतीनं वापरलंय हे दिसतं. सकाळी बोलवत जा, तासभर आधी सगळ्या खिडक्या उघडून, म्हणजे कोंदट वास राहणार नाही. आधी वरचा मजला दाखव. पितृपक्षात कुणाला बोलावू नकोस, क्वचितच कुणी येतं.

धागाकर्ती :
सगळ्यांचे मनापासून आभार. भावाशी बोलले, पत्र्याची खोली उतरवतोय आणि सोमवारी नगर भूमापन कार्यालयात वारसनोंदीची चौकशी करतोय. उंबऱ्याला पाणी कधी लागतं ते आईला लगेच सांगता आलं, शेजारच्या काकांना विचारून खात्री करून घेते. जुन्या विटांच्या भिंतीचा गिलावा सावकाश, नीट करणारा गवंडी कुणाच्या ओळखीत असेल तर कृपया व्यनि (खासगी निरोप) करा. काम दिवाळीनंतर सुरू करायचंय.