हलक्या गाडीमागे छोटा ट्रेलर: इंजिनाला जमतं, मग अडतं कुठे?

टोचनवाला (कोव्हेंट्री)

मत मांडतोय, झोडपायला मोकळे आहात. हजार-अकराशे किलोची हॅचबॅक आणि मागे सहा बाय चार फुटांचा उघडा ट्रेलर ही जोडी छोट्या कुटुंबाला पुरते. बागेतला पालापाचोळा, जुना सोफा, घर बदलतानाची खोकी, सायकली. वर्षातून मोजक्या वेळा लागणाऱ्या कामासाठी दोन टनांची एसयूव्ही बारा महिने पोसायची, हा हिशेब मला पटत नाही.

ब्रिटनमधला नियम सरळ आहे. स्वतःचे ब्रेक नसलेला ट्रेलर मालासकट ७५० किलोपर्यंत किंवा रिकाम्या गाडीच्या वजनाच्या निम्मा, यांतलं जे कमी असेल ते. १०५० किलोच्या गाडीला ५२५. कंपनीने याहून कमी आकडा दिला असेल तर तोच धरायचा. गाडीवरच्या वजनाच्या पाटीवर चार आकडे एकाखाली एक असतात: भरलेली गाडी, गाडी अधिक ट्रेलर, पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल. दुसऱ्यातून पहिला वजा केला की गाडी पूर्ण भरलेली असताना ट्रेलरसाठी काय उरतं ते कळतं. दुसरा आकडा नसेल किंवा शून्य असेल तर विषय संपला, त्या गाडीला ओढायची मान्यताच नाही.

उदाहरण म्हणून २००८ नंतरची होंडा जॅझ घ्या. १.४ लिटर, मॅन्युअल गिअर, आणि ब्रेकवाल्या ट्रेलरसाठी १००० किलो मान्य. "छोट्या गाडीचं इंजिन बसेल" म्हणणाऱ्यांनी यावर बोलावं.

जर्सीकर

बोलतो. हीच गाडी अमेरिकेत 'फिट' नावाने विकली जायची, तीही १.५ लिटरच्या इंजिनासह. तिच्या पुस्तिकेत लिहिलंय की ही गाडी ट्रेलर ओढण्यासाठी बनवलेली नाही, ओढलात तर वॉरंटी जाऊ शकते. मोठं इंजिन असून नकार. हे फक्त वकिलांनी लिहून घेतलंय असं म्हणणं सोपं आहे, पण इथल्या, अमेरिकेतल्या वापराकडे बघा.

पहिली गोष्ट वेग. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात ट्रेलरला ५५ मैलांची मर्यादा आहे, पण सगळीकडे नाही, आणि आजूबाजूची वाहतूक सत्तरने चाललेली असते. स्वस्त ट्रेलरला ८ इंची रिमची चाकं असतात. त्या टायरचा व्यास जेमतेम १६ इंच, म्हणजे ताशी ६० मैलांना मिनिटाला साडेबाराशेच्या वर फेरे. गाडीचं चाक तेवढ्यात साडेआठशेच्या आसपास फिरतं. त्यात बेअरिंगमधलं ग्रीस जुनं असेल तर हब (चाकाचा मधला भाग) तापून बसतो. ४.८०-८ मापाचा बी श्रेणीचा टायर ५९० पौंड पेलतो, तेही ६० पीएसआय हवा असताना. बहुतेक लोक गाडीसारखी ३२ भरतात आणि मग टायर फुटला म्हणून ट्रेलरला शिव्या देतात.

दुसरी गोष्ट, दुकानात क्लास-१ हिच (ट्रेलर जोडायला गाडीमागे बसवायचं लोखंड) मिळतो, त्यावर २००० पौंड छापलेलं असतं. तो आकडा त्या लोखंडाचा आहे, गाडीचा नाही. हे कळत नसलेल्यांनी कृपया बॉल (हिचवरचा ट्रेलर अडकवायचा गोळा) विकत घेऊ नये.

टोचनवाला (कोव्हेंट्री)

हब, टायर, हवा: शंभर टक्के मान्य. पण हे ट्रेलरचे दोष झाले. १२ इंची चाकांचा घ्या, सुटला प्रश्न. मागे पिकअप जोडला तरी खराब हब खराबच राहणार. गाडी हलकी असल्याने काय बिघडतं ते सांगा.

आणि युरोपातला आकडा हवेतून येत नाही. भरलेल्या जोडीने किमान १२ टक्के चढावर, पाच मिनिटांत पाच वेळा, थांबलेल्या स्थितीतून निघून दाखवावं लागतं. जॅझचा क्लच त्यात उतरला म्हणून तो आकडा.

ऱ्हाइनकाठ

दोघं वेगवेगळ्या देशांचे आकडे एकमेकांवर फेकताय, म्हणून जुळत नाहीत. खरी गोम बॉलवर पडणाऱ्या वजनात आहे. त्याला नोजवेट म्हणू.

अमेरिकेत शिकवतात की ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर हवा. युरोपात साधारण ४ ते ७. भार जास्त तितका ट्रेलर सरळ चालतो, मोठ्या वेगालाही शेपूट हलवत नाही. म्हणून जिथे ६५-७० मैलांनी जायचं तिथे १० टक्के. आमच्याकडे जर्मनीत ट्रेलरला ऑटोबानवर ८० किमीची मर्यादा, म्हणून कमी भारावर भागतं. छोट्या गाडीची नोजवेटची मर्यादा बहुधा ५० ते ७५ किलो. आता १००० किलोच्या ट्रेलरला अमेरिकी १० टक्के लावा: १०० किलो. मर्यादा ओलांडली. म्हणजे इंजिन मोठं असूनही त्या पद्धतीने ही गाडी पाचशे-सातशेच्या वर जाऊच शकत नाही. जर्सीकरांच्या पुस्तिकेतला नकार पूर्ण वकिली नाही आणि टोचनवाल्यांचे १००० किलोही खोटे नाहीत. ते १००० किलो ८०-९० किमीचे आहेत, ११० चे नव्हेत.

शिवाय नोजवेट फुकट बसत नाही. बॉल मागच्या ॲक्सलच्या ९० सेंमी मागे, व्हीलबेस (दोन ॲक्सलमधलं अंतर) अडीच मीटर. बॉलवर ४० किलो ठेवले तर मागच्या ॲक्सलवर ५४ येतात आणि पुढचा ॲक्सल १४ किलोने हलका होतो. छोट्या गाड्या बहुतेक पुढच्या चाकांवर चालतात, म्हणजे ओल्या चढावर नेमकी तीच चाकं फिरणार. त्यात मागच्या सीटवर तिघं आणि डिकी भरलेली असेल तर ॲक्सलची मर्यादा ट्रेलरचा विचार करण्याआधीच गाठलेली असते. ट्रेलर जोडायचा असेल तर जड सामान डिकीत कोंबू नका, इतकं साधं आहे.

आणि वेग वाढवायचाच असेल तर इथला नियम बघण्यासारखा आहे. ८० ऐवजी १०० ची परवानगी हवी तर ब्रेक नसलेल्या ट्रेलरचं कमाल वजन रिकाम्या गाडीच्या ०.३ पट. १०५० किलोला फक्त ३१५. टायर सहा वर्षांपेक्षा जुने नकोत, किमान १२० किमीच्या श्रेणीचे हवेत. आणि हा ०.३ चा हिशेब ट्रेलरच्या पाटीवरचं कमाल वजन धरून, म्हणजे ७५० ची पाटी असलेला ट्रेलर रिकामा ओढलात तरी १०० ने नेता येत नाही. माझ्या लेखी हलक्या गाडीसाठी यापेक्षा चांगला ठोकताळा नाही, तुम्ही कुठल्याही देशात असा.

घाटमाथा

अजून कोणी ब्रेकवर आलं नाही! चढ चढण्याची चर्चा किती करायची? १६०० किलोची जोडी ६ टक्के चढावर ८० ने नेण्यासाठी चढाचे २१, घर्षणाचे ४ आणि हवेचे पाच-दहा, असे ३०-३५ किलोवॅट लागतात. साठ किलोवॅटचं इंजिन तिसऱ्या गिअरमध्ये ते देतं. कुरकुरेल, पण देईल.

आता थांबा म्हणा. माणसांसकट १२०० किलोची गाडी, मागे ब्रेक नसलेला ४०० किलोचा ट्रेलर. पकड फक्त गाडीच्या टायरांची, थांबवायचे १६०० किलो. ८० किमीवरून जी गाडी ३१ मीटरमध्ये थांबायची ती ४१ घेते, आणि यात पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर धरलेलं नाही. हे सरळ रस्त्यावर. वळणावर ट्रेलर मागून बॉलला ढकलतो, गाडीचा मागचा भाग बाहेर फेकायला बघतो. दोन टनांच्या गाडीमागे हेच ४०० किलो जाणवतही नाहीत. टोचनवाले, "गाडी हलकी असल्याने काय बिघडतं" याचं उत्तर हे.

घाट उतरताना तर वेगळीच परीक्षा. १६०० किलो ३०० मीटर खाली आणायचे म्हणजे ४.७ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी घालवायची. बोरघाटाची उतराई यापेक्षा मोठी आहे. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर खाली पोहोचेपर्यंत पॅड वास मारतात आणि पेडल मऊ पडतं. ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरा.

माझं मत: ३०० किलोच्या वर माल नेणार असाल तर ब्रेकवाला ट्रेलर घ्या, नाहीतर दिवसभरासाठी व्हॅन भाड्याने आणा.

टोचनवाला (कोव्हेंट्री)

४१ मीटरचा हिशेब बरोबर आहे. पण निष्कर्षाशी सहमत नाही. समोरच्या गाडीपासून अंतर वाढवून, ८० ऐवजी ७० ने गेलं की तेच ३१ मीटर परत मिळतात. वेग चालकाच्या हातात आहे. ओव्हररन ब्रेकचा (गाडी मंदावली की ट्रेलरच्या ढकलण्यानेच लागणाऱ्या ब्रेकचा) ट्रेलर महाग, जड, आणि त्याच्या केबल वर्षभर उभ्या राहून गंजतात. पालापाचोळ्यासाठी तो घेणं म्हणजे निव्वळ हौस.

घाटमाथा

७० ने ३१-३२ मीटर येतात, हो. पण समोर कोणी आडवं आलं तर ते तुमचा वेग विचारून येत नाही. आणि पालापाचोळा म्हणून घेतलेल्या ट्रेलरमध्ये लोक पुढच्या आठवड्यात वाळू भरतात, हा माझा खरा आक्षेप. २ मीटर बाय १.१ मीटरच्या ट्रेलरला ३० सेंमीच्या फळ्या असल्या तर ०.६६ घनमीटर होतात. कोरडी वाळू घनमीटरला सोळाशे किलो. काठोकाठ भरलात तर मालच टनाच्या वर! तळात १० सेंमी वाळू म्हणजे साडेतीनशे किलो. ट्रेलर रिकामा दिसतो आणि गाडीची मर्यादा संपलेली असते.

नटबोल्ट (नाशिक)

वाद चालू द्या, मी माल भरण्याबद्दल लिहितो, कारण ट्रेलर उलटतात ते बहुतेक याच चुकीने.

नोजवेट मोजायला बाथरूमचा वजनकाटा पुरतो. सपाट जागी ट्रेलर उभा करा, चाकांना दगड लावा, काट्यावर लाकडी ठोकळा ठेवून कपलिंग (ट्रेलरचं बॉलवर बसणारं तोंड) त्यावर अशा उंचीने टेकवा की ट्रेलर आडवा, समांतर राहील. नाक वर किंवा खाली असताना घेतलेला आकडा चुकतो. कमी आलं तर माल पुढे सरकवा. ॲक्सलपासून कपलिंग २ मीटरवर असेल तर ५० किलोची पेटी २० सेंमी पुढे नेल्यावर नोजवेट ५ किलोने वाढतं. जड वस्तू ॲक्सलच्या वर, किंचित पुढे, तळाशी. पुढच्या टोकाला एक आणि मागच्या टोकाला एक जड वस्तू ठेवली तर काटा बरोबर दाखवेल, पण ट्रेलर एकदा डोलायला लागला की थांबायला वेळ लावेल. वजन मधे गोळा करा.

डोलायला लागलाच तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टीअरिंग सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या. स्टीअरिंग डोलण्याच्या उलट फिरवत बसलात तर तुमचा प्रत्येक झटका उशिरा पोहोचतो आणि डोलणं वाढवतो. जोरात ब्रेक मारणं त्याहून वाईट.

वायरिंग: अमेरिकेतल्या चार पिनच्या चपट्या प्लगमध्ये पांढरी अर्थिंग, तपकिरी टेललाइट, पिवळी डावीकडचा इंडिकेटर आणि ब्रेक, हिरवी उजवीकडचा. ज्या गाडीत ब्रेकलाइट आणि इंडिकेटरचे दिवे वेगळे असतात तिला मध्ये कन्व्हर्टर लागतो, नुसत्या वायरी पिळून जोडू नका. दिवे मंद लागले किंवा इंडिकेटर दिला की टेललाइट लुकलुकला तर आधी पांढरी वायर बघा. दहापैकी नऊ वेळा अर्थिंगच गंजलेलं असतं.

ट्रेलर गाडीला बांधणाऱ्या सुरक्षा साखळीबद्दल कोणी बोललं नाही. कपलिंग सुटलं तर ट्रेलरचं नाक जमिनीला लागू नये इतकीच तिची लांबी ठेवा, पण वळताना ताणली जाऊ नये.

कुडाळकर

आपल्याकडे जमेल का हे? छोटी होडी किंवा दोन कयाक न्यायचे झाले तर?

नटबोल्ट (नाशिक)

कागद आधी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो, म्हणजे त्याची वेगळी नोंदणी लागते. गॅरेजमध्ये वेल्डिंग करून घेतलेला लोखंडी सांगाडा म्हणजे नोंदणी नसलेलं वाहन. अपघात झाला तर विम्यावाल्यांचा पहिला प्रश्न तोच असेल. गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची मर्यादाच दिली नसेल तर "लिहिलं नाही म्हणजे चालतं" असा अर्थ काढू नका.

कयाक २०-२५ किलोचे असतात. छतावरच्या कॅरिअरवर दोन बसतात. छताची मर्यादा पुस्तिकेत बघा आणि कॅरिअरचं वजन त्यात धरा. यासाठी ट्रेलर नकोच.

जर्सीकर

एक राहिलं: सीव्हीटी. पट्ट्यावर चालणारा गिअरबॉक्स लांब चढावर तेल तापवतो, तापमान वाढलं की गाडी स्वतःच ताकद कमी करते, आणि मागे ट्रेलर असताना ते भर रस्त्यात होतं. ऱ्हाइनकाठांचा ०.३ चा ठोकताळा मला मान्य, पण मॅन्युअल गाडीपुरता.

ऱ्हाइनकाठ

मॅन्युअलला क्लच जळतो, फरक एवढाच. विशेषतः ट्रेलरसकट उलट चढावर, अर्धा क्लच दाबून, इंचाइंचाने मागे घेताना. छोटा ट्रेलर असेल तर कपलिंग सोडा आणि हाताने ढकला. तीनशे किलो सपाटीवर दोन माणसं सहज हलवतात. फक्त सोडण्याआधी जॉकी व्हील (ट्रेलरच्या नाकाखालचं छोटं टेकूचं चाक) खाली करा आणि चाकांना अडण लावा.

टोचनवाला (कोव्हेंट्री)

०.३ ब्रेक नसलेल्यासाठी, घेतला. जॅझला तीनशे-सव्वातीनशे किलो, ट्रेलरचे शंभर-सव्वाशे वजा जाता माल दोनशे. सोफा आणि खोकी त्यात बसतात. वाळूची गोणी मागवायची झाली तर दुकानदार घरपोच देतो.